डोळ्यांचा रोजा आणि खिशातला पडदा

मालेगावात आठवड्याची सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते. यंत्रमागांचा खडखडाट थांबतो, जुम्म्याची नमाज होते आणि दुपारनंतर तरुणांची पावले थिएटरकडे वळतात. नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो. त्यामुळे या गावाचे आणि सिनेमाचे गणित जुने. पण वर्षातून एक महिना ते बदलायचे. रमजानचा चंद्र दिसला की तिकीटखिडकीसमोरची गर्दी ओसरायची.

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. जिभेने खोटे बोलू नये, कानांनी चहाडी ऐकू नये, डोळ्यांनी नको ते पाहू नये, हाही रोजाच. सिनेमा पाहावा की नाही, यावर मुस्लिम घरांत आजही एकमत नाही. पण एरवी हौसेने सिनेमा पाहणारेही या महिन्यात थिएटरची पायरी चढत नसत.

चांद्रवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण 33 वर्षांनी पुन्हा त्याच दिवसांत येते. 1960, 1993 आणि 2025 या तिन्ही वर्षी ईद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती. आज सत्तरी ओलांडलेल्यांनी या तिन्ही ईद पाहिल्या आहेत, आणि सिनेमाचे तीन जमानेही.

1960 मध्ये सिनेमा म्हणजे बाहेर पडणे. ईदीचे पैसे मुठीत आवळून मुले थिएटर गाठायची किंवा तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये बसायची. ‘मुघल-ए-आझम’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. पुढे ईद आणि नवा सिनेमा हे समीकरणच झाले. बाल्कनी आणि पुढच्या रांगा हा भेद होता, पण तो तिकिटाच्या दराचा. शेजारच्या खुर्चीवर कोणत्या मोहल्ल्यातला माणूस बसला आहे, हे अंधारात कोणी विचारत नसे. शिट्टी सगळ्यांची एकच असे.

1993 येईतो पडदा घरात आला होता. आधी दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा, मग भाड्याचा व्हीसीआर, रात्रभरात तीन सिनेमे, पाठोपाठ केबल. याचा मोठा फायदा बायकांना झाला. ज्यांना थिएटरला जाण्याची परवानगी मिळत नव्हती, त्या आता स्वयंपाक उरकून, शेजारणींना बोलावून सिनेमा पाहू लागल्या. मालेगावात तर व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी सिनेमा पाहता पाहता स्वतःच ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांच्या त्या धडपडीवरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 चा रमजान सुरू होण्याच्या तोंडावर प्रदर्शित झाला.

मधल्या काळात एक सुंदर योग आला. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळी आणि ईद एकाच सुमारास होत्या. त्याच वेळी ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन पुन्हा पडद्यावर आला. फराळ आणि शीरखुर्मा, दोन्ही खाऊन लोक एकाच रांगेत उभे राहिले.

आज पडदा खिशात आहे. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले. 2020 चा रमजान टाळेबंदीत गेला, थिएटरे बंद होती. पुढच्या वर्षी ईदेचा ‘राधे’ अनेकांनी घरीच, मोबाइलवर पाहिला. आता एका घरात पाच माणसे पाच सिनेमे पाहतात, प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज.

यामुळे रमजानमधला संयमही बदलला. पूर्वी तो सोपा होता. थिएटरसमोर कोणी दिसले तर गावभर बातमी व्हायची. आता इफ्तारला दोन तास असताना नातू गोधडीत मोबाइल घेऊन काय पाहतो, हे आजोबांना कळत नाही. पण रोजाचेही तसेच असते. बंद दाराआड कोणी घोटभर पाणी प्यायले, तर ते त्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. पूर्वी डोळ्यांवर गावाची नजर होती, आता ज्याची त्याने राखायची. म्हणूनच हा महिनाभर काही मुले स्वतःच मोबाइलमधली सिनेमाची अॅप काढून टाकतात. त्यांचा हा संयम आजोबांच्या वेळेपेक्षा कठीण आहे, हे मोठ्यांनी मान्य करायला हवे.

हरवले ते मात्र वेगळेच. शेजारची खुर्ची हरवली. ती परत मिळवायला फार काही लागत नाही. ईदेच्या दिवशी शीरखुर्म्यासाठी शेजारपाजारचे येतातच. वाट्या रिकाम्या झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहावा. एकट्याने पाहिलेला सिनेमा आठवड्यात विसरतो. दहा जणांत पाहिलेल्या सिनेमाच्या गप्पा पुढच्या ईदेपर्यंत पुरतात.