गच्चीवरची बाग : भाग ९ – मित्रांच्या शिध्यापुरता मावा

मागच्या भागात आपण खताबद्दल बोललो. खत मानवलं की पालवी लुसलुशीत फुटते, आणि लुसलुशीत पालवीवर पहिला हक्क सांगायला येतो मावा. आजचा भाग त्याचा, आणि त्याच्यामागून आठ-दहा दिवस उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यांचा.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं आणि माझ्या वालाच्या वेलावर मावा पडला. शेंडे, फुलांचे तुरे, कोवळ्या शेंगा, जिथे बघावं तिथे काळी मोहरी चिकटवल्यासारखी. खालच्या पानांना बोट लावलं तर चिकट. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या. वाकून बघत म्हणाल्या, "अगं, मावा परवडला. पण त्यात ते काटेरी किडे फिरतायत बघ, त्यांचं आधी काहीतरी कर." खरंच होते. करडे-काळे, पाठीवर पिवळट ठिपके, अंगभर बारीक काटे, सहा पाय आणि चाल इवल्याशा मगरीसारखी. दिसायला ओंगळच. मी ते एकेक करून चिरडले. सतरा-अठरा तरी असतील. वर दुकानातून आणलेलं औषध फवारलं. आठवडाभर वेल स्वच्छ होता. तीन आठवड्यांनी मावा पहिल्याच्या दुप्पट, आणि या खेपेला मगर एकही नाही.

त्या मगरी म्हणजे ढालकिड्याची पिल्लं होती. शेतीवाले ज्याला लेडीबर्ड बीटल म्हणतात तोच हा किडा. लाल-केशरी, गुळगुळीत, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा. मोठा ढालकिडा पोरंसोरंही ओळखतात, हातावर चालवतात. त्याचं पोर मात्र कुणी ओळखत नाही, आणि बागेत त्याचा जीव बहुतेक वेळा या अनोळखीपणामुळेच जातो. मोठा ढालकिडा दिवसाला चाळीस-पन्नास मावे सहज खातो. पिल्लू कोशात जाईपर्यंत काहीशे फस्त करतं. भिंग असेल तर बघा, पिल्लू मावा जबड्यात धरून उचलतं, त्यातला रस शोषून घेतं आणि रिकामी साल टाकून पुढच्याकडे वळतं.

आता थोडा हिशेब. बागेतल्या माव्याला नर लागत नाही. मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच आकार घेऊ लागलेली असते. आठवडाभरात पिल्लू वयात येतं आणि रोज चार-दोन पिल्लांची भर घालू लागतं. ढालकिड्याचं तसं नाही. मादीला आधी माव्याची वसाहत सापडायला हवी. मग ती जवळच्या पानाखाली पिवळी, उभी, लांबट अंडी झुपक्याने घालते. ती तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं आठवडा-दीड आठवडा खातात, मग चार-पाच दिवस कोशात जातात. म्हणजे माव्याच्या दोन-तीन पिढ्या होतात तेव्हा कुठे ढालकिड्याची एक पुरी होते. शिकारी शिकारीच्या मागून येतो तो यामुळे. वेलावर मावा दिसणं आणि ढालकिडे दिसणं यात जे आठ-दहा दिवस जातात, तेवढ्यात आपला धीर सुटतो आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. फवारणी होते ती नेमकी पाहुणे पंगतीला बसले असताना.

यात नुकसान दुहेरी. औषधातून चार मावे वाचले तर त्यांची फौज महिन्याच्या आत पुन्हा उभी राहते. ढालकिडे मेले की नवे बाहेरून यायला हवेत, आणि तोवर माव्याला रान मोकळं.

याचा मोठा धडा कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांनी दिला. १८६८ च्या सुमारास तिथे ऑस्ट्रेलियातून एक खवलेकीड पोचली. फांदीवर कापसाचे बोळे चिकटवावेत तशी दिसणारी. वीस वर्षांत बागाच्या बागा वाळू लागल्या. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाला या किडीचा शत्रू शोधायला ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. त्याने व्हेडालिया नावाचा लालसर-काळा ढालकिडा बोटीने धाडला. पहिल्या खेपांत मिळून १२९ किडे पोचले. लॉस एंजेलिसमधल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू ठोकून ते आत सोडले. पिल्लावळ वाढल्यावर तंबू उघडला, बागायतदार डबे घेऊन किडे न्यायला आले, आणि १८८९ संपेपर्यंत ती कीड आटोक्यात आली. पुढे आपल्याकडे निलगिरीत हीच कीड आली तेव्हाही हाच किडा आणावा लागला.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. १९४० च्या दशकात त्याच कॅलिफोर्नियात संत्र्यावरच्या दुसऱ्या किडींसाठी डीडीटी फवारलं जाऊ लागलं. व्हेडालिया मेला, खवलेकीड वाचली आणि पन्नास-साठ वर्षं दबून राहिलेली ती कीड बागांतून पुन्हा उसळली. माझ्या वालाच्या वेलावर घडलं ते याहून वेगळं नव्हतं. फक्त आकार कुंडीएवढा.

ओळख पटली नाही म्हणून मरणारे आणखीही आहेत. केसाएवढ्या बारीक देठावर एकेकटं तोललेलं पांढरट अंडं पानाखाली दिसलं तर ते हिरव्या, जाळीदार पंखांच्या क्रायसोपाचं. माव्याच्या गर्दीत बिनपायाची, चपटी, हिरवट अळी लोळताना दिसली की पालेभाजीवरची अळी समजून आपण ती काढून टाकतो. ती असते सिरफिड माशीची, आणि ती मावाच खाते. तिची आई फुलांवर हवेत एका जागी थांबून भिरभिरते, अंगावर मधमाशीसारखे पट्टे असतात. माव्यांमध्येच काही मावे टम्म फुगलेले, तपकिरी आणि निश्चल दिसतील, एखाद्याच्या पाठीला गोल भोक असेल. आत एका सूक्ष्म गांधीलमाशीचं पिल्लू वाढलं आणि भोक पाडून बाहेर पडलं, त्याची ही खूण. अशी पानं तोडून फेकू नका. भोक न पडलेल्या फुगीर माव्यांतून उद्याच्या गांधीलमाश्या निघणार असतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो जास्वंदीवरचा क्रिप्टोलेमस. पिठ्या ढेकूण खाणारा हा काळा, केशरी डोक्याचा ढालकिडाही मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज आपल्या द्राक्षबागांतही सोडला जातो. त्याच्या पिल्लाच्या अंगावर मेणाचे पांढरे झुपके असतात, त्यामुळे ते थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखंच दिसतं. ओळखायची खूण चालीत. पिठ्या ढेकूण एका जागी चिकटून असतो किंवा रेंगाळतो. पांढरा झुपका तुरुतुरु पळत असेल तर त्याला हात लावू नका.

क्रिप्टोलेमस प्रयोगशाळेत कसा वाढवतात हेही ऐकण्यासारखं आहे. आधी लाल भोपळे आणतात. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण मुद्दाम सोडून भोपळा पांढराफटक होईपर्यंत वाढू देतात. मग त्यावर क्रिप्टोलेमस सोडतात. मित्र हवा तर आधी शत्रू पोसावा लागतो. कपाशीच्या ओळींत चवळी पेरायला सांगतात त्यामागेही हेच. चवळीवर मावा लवकर येतो, तो खायला ढालकिडे येतात, तिथे वाढतात आणि कपाशीला गरज पडते तेव्हा शेतातच असतात.

गच्चीवर हेच साधायचं तर एका मोठ्या कुंडीत ज्वारीचे किंवा मक्याचे मूठभर दाणे दाट पेरा. ज्वारी-मक्यावर पडणारा मावा त्या जातीच्या पिकांवरच जगतो. तो वालावर, मिरचीवर किंवा जास्वंदीवर जात नाही. ढालकिड्यांना मात्र दोन्ही मावे सारखेच. या कुंडीतली धाटं चिकट झाली तर होऊ द्या. धान्य काढायचं नाहीये, तो मित्रांचा शिधा आहे. शेजारी कोथिंबीर किंवा बडीशेपेचे दोन वाफे फुलावर येऊ द्या. सिरफिड माशी आणि बारीक गांधीलमाश्या मोठ्या झाल्या की मधावर जगतात, आणि ही उघडी, छोटी फुलं त्यांच्या तोंडाला पुरतात.

आता मुंग्या. मावा जो चिकटा टाकतो तो गोड असतो. त्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला चावून हाकलतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, तीच विदर्भातल्या संत्राबागांत कोळशी म्हणून ओळखली जाते. वेलावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा. कुंडी विटांवर उचलून ठेवा, विटा पाणी भरलेल्या थाळ्यांत ठेवा आणि वेल भिंतीला टेकत नाही ना बघा, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. पाणी दर दोन दिवसांनी बदला, डासांना घर नको.

धीर धरायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. रोप लहान असेल, शेंडे आखडू लागले असतील तर सकाळी नळीने पाण्याचा जोराचा फवारा शेंड्यांच्या खालून मारा. मावा मऊ असतो, धुऊन खाली पडतो आणि फारसा परत चढत नाही. ढालकिड्याची पिल्लं पडली तरी त्यातली बरीच पुन्हा चढतात. साबणाचं पाणी किंवा निंबोळी अर्क मारायचाच तर आधी पानं उलटून बघा, आणि मगरी नाहीत तेवढ्याच फांदीवर मारा. हे दोन्ही इतर औषधांपेक्षा सौम्य असले तरी अंगावर पडले तर मित्रही दगावतात. मातीत घालायची, झाडाच्या रसात मुरणारी औषधं मात्र फुलणाऱ्या झाडाला नकोच. ती मधापर्यंत पोचतात.

यंदाही डिसेंबरात वालावर मावा पडला. नवव्या दिवशी पहिली मगर दिसली, ज्वारीच्या कुंडीच्या बाजूच्या पानावर. काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "अशा आणखी दोन-चार आहेत का? माझ्या गुलाबाला हव्यात." मी ज्वारीचं एक चिकट पान, त्यावरच्या दोन मगरींसकट, कात्रीने कापून त्यांच्या हातावर ठेवलं.

(पुढच्या भागात : मित्र परदेशातून आणताना काय चुकू शकतं. उसातले टोळ खायला अठराव्या शतकात भारतातून मॉरिशसला नेलेल्या साळुंक्यांची गोष्ट.)