राष्ट्रपतींचे सचिव : मान, काम आणि अधिकार

राष्ट्रपतींचे सचिव म्हणजे देशातील सर्वांत वजनदार अधिकारी आणि त्यांनी मनावर घेतले तर कोणतेही काम मार्गी लागते, हा समज बराच रूढ आहे. भिवंडीसारख्या शहरात तो रुजायला सबळ कारणही आहे. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका ज्या 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालते, त्याच्या कलम 67 ने कार्यकारी अधिकार महापौरांकडे नव्हे, तर आयुक्तांकडे सोपवले आहेत. मान एकाकडे आणि कारभार सनदी अधिकाऱ्याकडे, हे जवळून पाहिलेला नागरिक दिल्लीतही तसेच असणार असे धरून चालतो. वस्तुतः आयुक्तांचा अधिकार कायद्यातून येतो. राष्ट्रपतींच्या सचिवांना मात्र राज्यघटनेने स्वतंत्र निर्णयाधिकार दिलेला नाही. संसदेच्या सचिवालयासाठी अनुच्छेद 98 आहे, तसा राष्ट्रपतींच्या सचिवालयासाठी एकही नाही. अनुच्छेद 112 मध्ये राष्ट्रपतिपदाशी संबंधित खर्च ‘भारित’, म्हणजे संसदेच्या मतदानाला न टाकला जाणारा, ठरवला आहे, इतकेच.

राष्ट्रपतींच्या नावाचे आदेश त्यांचे सचिवालयच काढते, हा दुसरा गैरसमज शासकीय आदेशांच्या भाषेतून येतो. महाराष्ट्राच्या शासननिर्णयाखाली ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते आणि त्याखाली मंत्रालयातील उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही असते. राज्यपालांच्या कार्यालयातील कोणाचीही नसते. केंद्रातही अनुच्छेद 77 प्रमाणे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात, परंतु त्यांवर संबंधित मंत्रालयाचे अधिकारी सही करतात.

मग सचिवालयाचे काम दुय्यम ठरते का? मुळीच नाही. दयेचा अर्ज अनुच्छेद 72 खाली राष्ट्रपतींसमोर येतो, तेव्हा त्यासोबत गृह मंत्रालयाची शिफारस असते, आणि 1980 च्या मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे राष्ट्रपती येथेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मात्र सल्ला एकदा पुनर्विचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस अशीच परत पाठवली होती. संधी एकच असल्याने कागदपत्रे पूर्ण असणे, पूर्वीचे दाखले समोर असणे आणि शंका नेमक्या शब्दांत मांडली जाणे याला फार मोल येते. निर्णय राष्ट्रपतींचा असतो. तो माहितीनिशी घेता यावा, ही जबाबदारी सचिवालयाची असते, आणि ती कोणत्याही सहीइतकीच गंभीर मानली पाहिजे.

राष्ट्रपतींचे लष्करी सचिव आणि परिसहायक, म्हणजे सैन्यदलांतून आलेले एडीसी, युद्धनीती ठरवत नाहीत. त्यांच्याकडे समारंभ, दौरे आणि राजशिष्टाचार असतो. अमेरिकेच्या अध्यक्षांचा चीफ ऑफ स्टाफ राजकीय धोरणाचा गाडा हाकतो, कारण तेथे अध्यक्ष स्वतःच सरकारचे प्रमुख असतात. भारतात त्या कामाशी जवळचे साम्य पंतप्रधान कार्यालयाचे आहे.

एखाद्या यंत्रमागधारकाने भिवंडीहून राष्ट्रपतींना निवेदन पाठवले, तर सचिवालय त्याची नोंद करून विषयानुसार ते पुढे पाठवते : सुताच्या भावाचा प्रश्न केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, वीज सवलतीचा राज्य शासनाकडे. हे पुढे पाठवणे म्हणजे मंजुरी नव्हे आणि नकारही नव्हे. निर्णय त्या खात्याचाच असल्याने पाठपुरावाही, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवून, तेथेच करावा लागतो.