दोन माणसांना उचलवेल एवढंच लाकूड

जिम रीड हे निवृत्त शिक्षक. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात, ओझार्कच्या डोंगराळ मुलखात युरेका स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७१ मध्ये त्यांनी उतारवयात राहायला म्हणून जागा घेतली. तिथून दिसणारा देखावा बघायला वाटसरू थांबायचे, आवारात यायचे. रीड यांनी त्यांना अडवलं नाही. उलट, येणाऱ्याला घटकाभर शांत बसता यावं म्हणून रानात काचेचं प्रार्थनाघर बांधायचं ठरवलं आणि ते वास्तुकार फे जोन्स यांच्याकडे गेले.

फे जोन्स (१९२१–२००४) याच राज्यातले. जवळच्या फेएटव्हिल या विद्यापीठाच्या गावी त्यांचं कार्यालय होतं. १९५० मध्ये तिथल्या विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. विख्यात वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी त्यांना आपल्या आश्रमवजा कार्यशाळेत, टॅलिएसिनला बोलावून घेतलं. तिथून मोठ्या शहराची वाट सहज धरता आली असती. जोन्स मात्र १९५३ मध्ये फेएटव्हिलला परत आले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. दिवसा शिकवायचं, उरलेल्या वेळात घरं बांधायची. कार्यालय मुद्दाम लहान ठेवलेलं. तिथले सहकारी मॉरिस जेनिंग्ज पुढे भागीदार झाले. कामं बहुतेक राहत्या घरांची, स्थानिक दगड-लाकडातली. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं बेंटनव्हिलचं घरही त्यांनीच आखलेलं.

रीड यांच्या जागेवर खरी अडचण होती ती झाडांची. इमारतीसाठी मोठी यंत्रं आत न्यायची तर रान तोडावं लागणार. जोन्स यांनी नियमच घालून घेतला: दोन माणसांना रानवाटेने उचलून नेता येणार नाही, असं लाकूड वापरायचंच नाही. म्हणजे जाड खांब नाहीत, अखंड तुळया नाहीत. दोन बाय चार, दोन बाय सहा इंच अशा मापांची, वखारीत सहज मिळणारी पाइनची लाकडं. ६० फूट लांब, २४ फूट रुंद आणि ४८ फूट उंच वास्तू एवढ्याशा काड्यांवर उभी करायची!

हे जमलं ते तिरप्या लाकडांमुळे. पॅरिसच्या सेंट शॅपेल या गॉथिक प्रार्थनाघराचा आदर्श जोन्स यांच्यापुढे होता. युरोपातल्या गॉथिक चर्चमध्ये दगडी कमानी भिंतींना बाहेर ढकलतात, म्हणून भिंतींना बाहेरून भक्कम टेकू द्यावे लागतात. जोन्स यांनी हा विचार उलटा केला. त्यांचे आधार आत आले: दोन्ही बाजूंचे खांब माथ्याजवळ एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या लाकडांनी बांधून टाकले. भार दगडाच्या वजनाने पेलायचा नाही, लाकडांच्या ताण-दाबाने पेलायचा. या कैच्या जमिनीवर जोडून मग उभ्या केल्या. लाकडं जिथे एकमेकांना छेदतात तिथे पोलादी सांधे आहेत, पण मधोमध पोकळ, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे. जिथे सगळ्यात जास्त ताकद लागते, नेमका तिथूनच उजेड आरपार जातो. मला या साऱ्या वास्तूतलं सगळ्यात मोठं काम हे वाटतं. बाकी खाली फरशी, बसकी दगडी भिंत आणि ४२५ खिडक्या. लाकडाला आजूबाजूच्या झाडांच्या सालीशी जुळणारा करडा रंग हाताने चोळून दिला.

काम अर्ध्यावर असताना रीड यांचे पैसे संपले. एका कर्जाने ते पुढे सरकलं आणि जुलै १९८० मध्ये 'थॉर्नक्राउन चॅपल' लोकांसाठी उघडलं. पुढे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सदस्यांनी विसाव्या शतकातल्या अमेरिकी वास्तूंमध्ये त्याला चौथं स्थान दिलं. संस्थेचं सुवर्णपदक जोन्स यांना १९९० मध्ये मिळालं. १९४९ मध्ये ते राइट यांना मिळालं होतं. लोक जोन्स यांना राइट यांचा शिष्य म्हणूनच ओळखतात, आणि ते खरंही आहे. पण राइट यांच्या इमारती बहुधा जमिनीला धरून आडव्या पसरतात. ही इमारत झाडांबरोबर वर जाते. ती जोन्स यांची स्वतःची आहे.

मग तशीच मागणी येऊ लागली. बेला व्हिस्टाचं कूपर चॅपल १९८८ मधलं. त्यात पोलादी कमानी आल्या. ते देखणं आहे, पण थॉर्नक्राउनचा नियम सुटल्यावर आलेली सैल मोकळीक तिथे जाणवते. मिसिसिपीतल्या पिकायून गावचा पाइनकोट मंडप मात्र बरोबरीचा आहे. त्याचं छप्पर कडेला एकदम तुटत नाही: आधी आच्छादन थांबतं, लाकडी वासे पुढे जात राहतात, आणि छप्पर संपून रान कुठे सुरू झालं ते कळत नाही.

थॉर्नक्राउनच्या जवळून उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये आला होता. तिच्यासाठी झाडांचा लांबलचक पट्टा कापावा लागला असता. काचेच्या भिंतीपलीकडचं रान हीच ज्या इमारतीची खरी भिंत, तिच्या दृष्टीने ते पाडकामच होतं. गावकरी आणि वास्तुप्रेमी विरोधात उभे राहिले, आणि पुढच्या वर्षाअखेर तो प्रस्ताव मागे घेतला गेला.