भेडाघाटचे चांदणे आणि गाण्याला चिकटलेल्या आठवणी

जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. ही घळ सुमारे तीन किलोमीटर लांब असून कडे काही ठिकाणी शंभर फुटांच्या आसपास उंच आहेत. धुआंधार धबधब्यावरून आदळत आलेले पाणी घळीत शिरले की एकदम संथ होते. खडक सगळे पांढरेशुभ्र नाहीत; त्यांत पिवळट, गुलाबी आणि निळसर-काळ्या छटा मिसळल्या आहेत. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे पाहताना डोळे दिपतात. त्यामुळे जाणकार पंचवटी घाटावरून नाव घेतात ती संध्याकाळी, आणि जमल्यास पौर्णिमेला. महाराष्ट्रात जी कोजागिरी, ती इथे शरद पौर्णिमा. त्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो, गाण्या-नाचाचे कार्यक्रम होतात. नव्याने लग्न झालेली जोडपी तर येतातच, पण लग्नाला तीस वर्षे झालेलीही येतात.

या जागेला गाण्याचा संबंध चित्रपटाने जोडून दिला. राधू कर्माकर हे राज कपूर यांचे छायालेखक. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या 1960 सालच्या चित्रपटातील ‘ओ बसंती पवन पागल’ हे गाणे या कड्यांमध्ये चित्रित झाले. संगीत शंकर-जयकिशन यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. (नावात गंगा आणि पडद्यावर नर्मदा, हा विनोद जबलपूरकरांनी केव्हाच पचवला आहे.) राज कपूर यांचे मेहुणे प्रेमनाथ यांचे जबलपूरशी घरचेच नाते होते आणि शहरातले एम्पायर थिएटर त्यांच्या मालकीचे होते. पुढे 2001 साली संतोष सिवन यांच्या ‘अशोका’नेही हेच कडे पडद्यावर आणले. परिणामी भेडाघाटला पहिल्यांदा येणाऱ्या अनेकांना ही जागा आधी पाहिल्यासारखी वाटते. जोडीला आयुष्यातला एखादा प्रसंग आणि एखादी चाल असतेच: घरच्या रेडिओवर आईने ऐकलेली, किंवा कॉलेजच्या दिवसांतली.

चाल कानी पडताच प्रसंग का उभा राहतो, याचा अभ्यास गेल्या काही दशकांत बराच झाला आहे. आठवण सुटी साठवली जात नाही. ती घडली तेव्हाचा परिसर, वास, आवाज आणि मनाची अवस्था तिच्यासोबत बांधली जाते. गॉडन आणि बॅडली यांनी 1975 साली पाणबुड्यांवर केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच अधिक आठवले आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. गाणे हाही असाच एक परिसर आहे, फक्त तो सोबत नेता येतो. भेडाघाटचे कडे पुण्याला किंवा नागपूरला नेता येत नाहीत. तिथे ऐकलेली चाल मात्र स्वयंपाकघरातही वाजते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील पेत्र जनाटा यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणीची लोकप्रिय गाणी ऐकवली आणि त्या वेळी मेंदूची छायाचित्रे घेतली. एखाद्या गाण्याने स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी केली, की कपाळामागचा मधला भाग अधिक सक्रिय होत होता. हाच भाग स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित मानला जातो. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये तो तुलनेने उशिरा बाधित होतो. घरच्यांची नावे विसरलेली व्यक्ती जुने गाणे अंतऱ्यापर्यंत म्हणू शकते, ते का, याचे एक स्पष्टीकरण जनाटा यांनी यावरून सुचवले.

वयाचा भागही मोठा. लोकांना आपल्या आयुष्यातले सर्वाधिक प्रसंग साधारण दहा ते तीस या वयातले आठवतात. पहिले प्रेम, लग्न, पहिली नोकरी, पहिला एकत्र प्रवास याच वर्षांत येतात. म्हणून ‘आमच्या वेळची गाणी’ हे वाक्य प्रत्येक पिढी तितक्याच ठामपणे उच्चारते, आणि प्रत्येक पिढीची ‘वेळ’ वेगळी असते. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या 2013 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: विशीतल्या मुलांच्या आठवणी त्यांच्या आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांनीही जाग्या होत होत्या. घरात जे सतत वाजले, ते मुलांचेही झाले. बिनाका गीतमाला किंवा विविध भारतीवर वाढलेल्या घरांतील कुणालाही याचा पुरावा लागू नये.

गाण्याची पकड मात्र सारखी राहत नाही. एकाच खुंटीला वीस कपडे टांगले तर हवा तो सापडत नाही. एकच गाणे शंभर ठिकाणी ऐकले तर त्याने एखादीच सहल आठवत नाही. याउलट एका रात्री, एका सोबतीत ऐकलेली आणि नंतर फारशी कानी न पडलेली चाल वर्षानुवर्षे टिकते. ती श्रेष्ठ असायचीही गरज नाही. सुमार गाण्यांनाही फार सुंदर आठवणी चिकटलेल्या असतात. गाडीत सकाळपासून मोबाईलवर आवडीची यादी सुरू ठेवणारे जोडपे या बाबतीत स्वतःचेच नुकसान करत असते. त्या सहलीला तिची स्वतःची चाल मिळतच नाही.

भेडाघाटला ती न शोधता मिळते, कारण इथले नावाडी गप्प बसत नाहीत. कड्यांच्या आकारांवर, सिनेमांवर, नवरा-बायकोंवर यमके जुळवत ते सगळी फेरी बोलत राहतात. दोन्ही कडे जवळ आलेल्या ‘बंदरकूदनी’पाशी तर त्यांना विशेष चेव येतो. हे गाणे नव्हे, पण त्याला ठेका आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही ऐकू येत नाही. अनेकांच्या कानात त्या रात्रीचे म्हणून हेच उरते.

नदीकाठची जुनी चाल ‘बंबुलिया’ची. बुंदेलखंड आणि महाकोशलातून संक्रांत, नर्मदा जयंती अशा पर्वांना नर्मदास्नानाला निघालेले लोक वाटेत, लांबवलेल्या सुरात ही गीते म्हणतात. ती एका जोडप्याची नसतात, अख्ख्या गावाची असतात. ज्या मुलीने ती आईचे बोट धरून ऐकली, तिला पुढे कुठेही ती ऐकू आली तर नदीआधी आई आठवेल, अशी शक्यता अधिक.

ज्यांना कोजागिरी साधायची आहे त्यांनी पाण्याची चौकशी आधी करावी. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि तो सुरू होण्याची वेळ व कोजागिरी बहुधा लागूनच येतात. पाऊस लांबला, बरगी धरणातून पाणी सुटले, तर त्या वर्षी नाव मिळेलच असे नाही. धुआंधार मात्र काठावरूनही पाहता येतो, आणि तिथे पाण्याच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नाही.