नावेतील गाद्यांचा कुबट वास

पावसाचा जोर ओसरून नारळी पौर्णिमा जवळ आली, की डहाणूची खाडी, धाकटी डहाणू, चिंचणी आणि तलासरी तालुक्यातील झाई ह्या किनाऱ्यांवर एकच लगबग सुरू होते. ज्येष्ठापासून शाकारून ठेवलेल्या नौकांवरील आच्छादने निघतात, केबिनची दारे उघडतात आणि आत पाऊल टाकणाऱ्याचे पहिले स्वागत करतो तो कुबट वास. ज्या गादीवर खलाशाने रात्री पाठ टेकावयाची, तिनेच तो धरून ठेवलेला असतो. समुद्राकाठच्या बंद बंगल्यांतील गिरद्यांचा आणि तक्क्यांचा अनुभवही ह्याहून निराळा नाही. मग कोणी धूप घालतो, कोणी अत्तर शिंपडतो, कोणी डांबराच्या गोळ्या ठेवतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी वास पुन्हा हजर! असे का व्हावे?

हा वास गादीचा नव्हे. गादीत वस्ती करून राहिलेल्या बुरशीचा आणि सूक्ष्म जंतूंचा आहे. ओलाव्यावर वाढताना हे जीव निरनिराळी उडून जाणारी द्रव्ये हवेत सोडतात. त्यांपैकी एकाला भूछत्राचा वास असतो. दुसरे, जिओस्मिन नावाचे, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीला गंध देणारेच द्रव्य होय. अंगणात जो गंध मनाला प्रसन्न करतो, तोच कोंदट केबिनमध्ये नकोसा होतो, ही निसर्गाची गंमतच म्हणावयाची. सुगंधाने ही द्रव्ये झाकली जातील. पण ती निर्माण करणारी बुरशी जिवंतच राहील. बुरशी जगते ओलाव्यावर. तेव्हा खरा प्रश्न असा, की उन्हात वाळविलेली गादी पुन्हा ओली होते कशी?

ह्याचे उत्तर स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि त्यांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास असतानाच पाणी ओढू लागते. एक लिटर समुद्रजलात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एखाद्या गादीने दोन लिटर खारे पाणी शोषले आणि ते तसेच वाळले, तर सुमारे ७० ग्रॅम क्षार तिच्या पोटात राहिले. पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवा बहुतेक वेळ ७५ टक्क्यांहून अधिक दमट असते. अशी गादी झाकून ठेवली, तरी ती हवेतूनच पाणी पीत राहते आणि बुरशीला पाजीत राहते. यास्तव पहिला नियम असा: आधी मीठ काढावे, मग वास काढावा.

ह्या कामाची रीत अवघड नाही. गादी प्रथम घराबाहेर न्यावी आणि नाकावर फडके बांधून ब्रशाने कोरडी झाडावी. घरात झाडल्यास बुरशीचे बीजकण सर्वत्र पसरतात आणि दमेकऱ्यांना ते विशेष बाधक असतात. नंतर खोळ काढून साबणाच्या कोमट पाण्याने निराळी धुवावी. पुढचे काम मात्र आत काय भरले आहे, ह्यावर अवलंबून आहे.

आज पुष्कळ गाद्यांत फोम असतो. तो टबात गोड्या पाण्यात बुडवून तळहातांनी दाबावा. पिळू नये, पिळल्याने तो फाटतो. पाणी तीनचार वेळा बदलावे. वास जुना असेल, तर पांढरा सिरका आणि पाणी समभाग घेऊन त्यात अर्धा तास ठेवावा व पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावा. मग बाजेवर वा बांबूंवर उभा करून वाऱ्यात, पण सावलीत वाळवावा. कडक उन्हाने फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. खोळ खुशाल उन्हात घालावी.

कापसाची गादी भिजवू नये. ती उसवून, काळे पडलेले गोळे फेकून, उरलेला कापूस उन्हात वाळवून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा. खाऱ्या पाण्यात पुरती भिजलेली असेल, तर तिचा मोह सोडावा. काथ्याचे तसे नाही. तो मुळातच नारळाची सोडणे पाण्यात कुजवून काढलेला असल्याने धुण्यास भीत नाही.

सावरीच्या कापसाविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. ह्या झाडांच्या बोंडांतील तंतू पोकळ असून त्यांवर मेणासारखा लेप असतो. म्हणून ते पाण्यावर तरंगतात. जावा बेटातील पांढऱ्या सावरीचा कापूस दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगभर जीवरक्षक जाकिटांत आणि नौकांच्या गाद्यांत भरला जात असे. परंतु असा कापूस दबून गेला वा आत पाणी शिरले, की त्याची तरंगण्याची शक्ती घटते. अशा जुन्या गादीला कुबट वास येऊ लागला, तर पाणी आत पोहोचले आहे, असे समजावे आणि संकटकाळी तिच्यावर जीव टाकू नये.

एक धोक्याची सूचना येथेच दिली पाहिजे. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि सिरका कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद केबिनमध्ये तो प्राणावर बेतू शकतो.

गादी वाळली की नाही, हे हाताने नीट कळत नाही. वरून कोरडा लागणारा फोम आत ओला असतो. लागोपाठ दोन दिवस तिचे वजन करावे. वजन उतरेनासे झाले, म्हणजे ती वाळली. पुढे एखाद्या दमट सायंकाळी ती पुन्हा चिकट लागली, तर मीठ शिल्लक आहे असे समजून आणखी एकदा धुवावी. राहिलासाहिला वास खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी झटकल्याने जातो. परंतु हा उपाय शेवटचा, पहिला नव्हे.

आणि हे सारे करावयाचे केव्हा? श्रावणात वास आल्यावर गादी धुतली, तर ती वाळविण्यास ऊन कोठून आणावयाचे? त्या वासाचे बी वैशाखातच पेरले गेलेले असते. नौका शाकारण्यापूर्वी, वैशाखाच्या उन्हावाऱ्यात, गाद्या गोड्या पाण्याने धुवून वाळवाव्या आणि केबिनमध्ये न ठेवता घरी माळ्यावर, हवा खेळेल अशा उभ्या ठेवाव्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत. त्याने ओल बाहेर राहत नाही, आत कोंडली जाते. वैशाखातील एका दिवसाची ही मेहनत खलाशाला हंगामभर निरोगी निजेचा लाभ देते आणि नव्या गादीचा खर्चही वाचविते.