मनीची गाडी

झाशीतल्या आमच्या घरात मांजर कायमचंच. त्यातली मनी चालायला लागली तीच झोकांड्या खात. दूध पितानाही मान लटलटायची. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारा लहान मेंदू पुरता वाढलेला नाही. मांजरी गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनियाची लागण झाली की पिल्लांचं असं होऊ शकतं. यात दुखत नाही आणि ते पुढे वाढतही नाही. मला एवढं पुरेसं होतं!

तिला उभं राहायला आधार म्हणून गाडी करायला घेतली. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे एल्बोंनी जोडून चौकट केली, खेळण्यातल्या मोटारीची चाकं लावली, मधे जुन्या सुती लुगड्याची झोळी. खरी कसोटी झोळीच्या उंचीची. चारही पंजे जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. लोंबकळले तर पाय नुसते हवेत हलतात, आणि झोळी काचली तर काखेत सोलवटतं. गाडीत थोडाच वेळ ठेवायचं, तेही डोळ्यांसमोर. मेंदू त्याने बदलत नाही, पण स्नायू भरतात, भीती जाते. आता मनी सतरंजीवरून ताटलीपर्यंत गाडीविना जाते. पाय फाकवून, पण आपली आपण.

पण मांजराचे पाय पाठीला मार बसून लुळे पडले असतील, तर गाडीच्या आधी डॉक्टर गाठा. लघवी तुंबली तर जिवावर बेततं. आणि घरच्या मांजरीला पॅनल्युकोपेनियाची लस द्या, ती गाभण राहण्याआधीच.