बसलं म्हणून उडवायचं नसतं

निवडणूक आटोपली की परवानाधारकांनी जमा केलेल्या बंदुका पोलीस ठाण्यातून घरी येतात. मोखाड्यातल्या एका ओळखीच्या काकांची जुनी विलायती दुनळी अशीच परत आली, तेव्हा ती साफ होताना मी ओटीवर बसून पाहिली. बंदूक बारा बोअरची, म्हणजे नळीच्या मापाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड.

तेल-चिंधीआधी काकांनी नळ्या उलट्या करून बुडाचे शिक्के वाचले. अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटरचं काडतूस. दुकानात आता बहुतेक ७० मिलिमीटरची मिळतात. खरी गोम इथे आहे. ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. तोंड दुमडलेलं असताना सत्तरचंही जुन्या नळीत अलगद बसतं. बार होताना मात्र तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. "बसलं म्हणून उडवायचं नसतं," काका म्हणाले. मग डब्यातली खडकीच्या कारखान्याची काडतुसं एकेक करून वाचली. त्यात कागदी टरफलाची काही जुनी निघाली, इथल्या पावसाने फुगलेली. ती बाजूला गेली.

यापेक्षा घातक चूक वीस बोअरच्या काडतुसाची. ते बाराच्या नळीत घरंगळून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बाराचं भरलं जातं आणि बार होताच नळी फुटते. म्हणून वीसचं टरफल पिवळं ठेवतात.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळणी. फुल चोकला जेमतेम एक मिलिमीटर, हाफला त्याच्या निम्मी. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे ठेवतो, सरळ नळी ४०. दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली : उडत्या पाखरावर पहिला बार जवळून, दुसरा लांबून. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा हिशेब मातीच्या तबकड्यांवर आला. स्कीटला जवळचा मारा म्हणून मोकळी नळी, ट्रॅपला दूर जाणारी तबकडी म्हणून आवळलेली. आवळलेल्या जुन्या नळीतून एकसंध गोळा किंवा पोलादी छर्रे मात्र नकोत. शिसं दबतं, पोलाद दबत नाही.

वारशाने बंदूक आली असेल तर आधी परवान्याचं पाहा, मग जाणत्या कारागिराकडून नळ्या मोजून घ्या. काडतुसं त्यानंतर.